.३२ रिव्हॉल्व्हरची पावसाळी निगा : नाशिकच्या नोंदी

८ जून २०२५

यंदा पावसानं मे महिन्यातच गाठलं. अंबडच्या कारखान्यात लेथच्या बेडवर रात्रीतून तांबूस पापुद्रा धरतोय, पोरं सकाळी तेलाचा फडका हातात घेऊनच मशीनवर येतात. कपाटातल्या रिव्हॉल्व्हरचं पोलादही पोलादच आहे. म्हणून हे काम हाती घेतलं : रेंजवरून, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावरून, आल्यावर ते कसं साफ करायचं आणि दोन रेंजच्या मधल्या ओल्या दिवसांत कसं टिकवायचं, याची एक रीत बसवायची आणि ती चालते की नाही हे लिहून ठेवायचं.

हत्यार कानपूरच्या सरकारी कारखान्यात घडलेलं. बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचं माप, .३२, सहा काडतुसं, नळी ७६ मिलिमीटर, रिकामं वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. टॉप-ब्रेक घडणीचं आहे, म्हणजे वरची खिट्टी दाबली की नळी आणि सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता गोल) बिजागरीवर पुढे झुकतात आणि पाठीमागून सगळं उघडं पडतं. ब्रिटिशांच्या वेब्ली मार्क ४ची ही चाल. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबळ’मध्ये सिलिंडर बाजूला उघडतो, त्यामुळे नवीन लोकांना ही घडण जुनाट वाटते. साफसफाईपुरतं बोलायचं तर मला हीच जास्त आवडते, कारण साफ करायचा रॉड नळीच्या मागच्या तोंडातून घालता येतो. बंद चौकटीच्या रिव्हॉल्व्हरला तो पुढूनच घालावा लागतो, आणि नळीचं पुढचं तोंड हा गोळीला शेवटचा स्पर्श करणारा भाग. तिथली कड रॉडनं एका अंगाला झिजली की नेम बिघडतो. त्या मंडळींनी रॉड मधोमध धरून ठेवणारा पितळेचा गाइड वापरावा.

टेबलावर बसण्याआधीचं काम ठरलेलं आहे. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. रिव्हॉल्व्हर उघडून सिलिंडरमधली काडतुसांची सहाही घरं डोळ्यांनी पाहायची, मग प्रत्येकावर बोट फिरवून चाचपायची. रेंजवर रिकामं केलं होतं, हे माहीत असलं तरी घरी पुन्हा. मध्ये फोन आला आणि खोलीबाहेर जाऊन परत आलो, तर पुन्हा पहिल्यापासून.

आज गोळीबार नाही, फक्त मोजमाप. सिलिंडर मागे दाबून धरला आणि त्याचं पुढचं तोंड व नळीचं मागचं तोंड यांच्यातली फट फीलर गेजनं, म्हणजे मोजक्या जाडीच्या पत्त्यांनी, पाहिली. ०.१५ मिलिमीटरची पत्ती सहज जाते, ०.२०ची जात नाही. सहाही घरांना सारखंच. हा आकडा पुढे कामाला येईल.

१५ जून

रेंजवर जाऊन आलो. काडतुसं .३२ लाँग, गोळी उघड्या शिशाची, तांब्याचं जॅकेट नसलेली.

पहिली चिंधी रेंजवरच फिरवली. नळी कोमट असेपर्यंत काजळी मऊ असते, कोरड्या चिंधीबरोबर अर्धी निघून येते. घरी येईपर्यंत ती बसते. एनसीसीत चार बाय दोन इंचाची चिंधी शिकवतात, ती रायफलींच्या पुलथ्रूसाठी, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीसाठी. या नळीला जुन्या सुती धोतराचे चौकोन छान चालतात. फलालीन मिळालं तर आणखी चांगलं. बनियनचं कापड नको, ते ताणतं आणि धागे मागे सोडतं.

साफ करायला बसलो की लोक सगळ्या काळ्याला एकच समजतात आणि एकाच औषधानं घासत सुटतात. मला इथे निदान चार वेगळ्या गोष्टी दिसतात. बारुदाची काजळी : ही सॉल्व्हंटनं सुटते, थोडा वेळ द्यायचा. न जळलेले बारुदाचे कण : हे ब्रशनं झटकायचे, ओले केले की चिकटून सांदीत जातात. प्रायमरची, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीची, राख : काजळीबरोबर जाते. आणि शिसं : हे नेहमीच्या सॉल्व्हंटला दाद देत नाही, घासूनच काढावं लागतं. घराघरांतला कडेचा काळा थर, नळीच्या मागच्या निमुळत्या तोंडातला थर आणि सिलिंडरच्या दर्शनी भागावरची वर्तुळं एकाच रंगाची दिसतात, पण तिघांवरचा इलाज वेगवेगळा आहे.

आजचा क्रम असा राहिला. आधी कोरड्या नायलॉन ब्रशनं सगळे कण झटकले. मग सहाही घरांत आणि नळीत सॉल्व्हंटची ओली चिंधी फिरवून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवलं. मग कांस्याच्या तारांचा ब्रश. तो मागून घालून पुढे पूर्ण बाहेर काढायचा आणि मगच मागे ओढायचा. नळीच्या मधोमध उलटा फिरवला तर तारा मोडतात. पोलादी तारांचा ब्रश घरी आणायचाच नाही. त्यानंतर कोरड्या चिंध्या, पांढरी पांढरीच बाहेर येईपर्यंत. घरांमध्ये पुंगळीचं (काडतुसाच्या पितळी कवचाचं) तोंड जिथे संपतं तिथे एक पायरी असते, तिथे ब्रश थोडा जास्त फिरवावा लागतो. जे लोक आखूड .३२ काडतूस याच घरांत वापरतात त्यांच्याकडे तिथे टणक कडं जमतं आणि मग लाँगची पुंगळी अडकायला लागते. मी आखूड वापरत नाही.

नंतर हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, मग चहा. शिसं पोटात जायचा रस्ता बोटांवरून आहे. वापरलेल्या चिंध्या वेगळ्या पिशवीत बांधल्या, रेंजवरचा शर्ट घरच्या कपड्यांत टाकला नाही. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करणाऱ्यांना मी दर वेळी टोकतो आणि टोकत राहीन.

२९ जून

आज एक छान अडचण आली. मधल्या एका सिलिंडरभर गोळ्यांत चाप एका ठिकाणी जड लागायला लागला. हॅमर मागे जाताना सिलिंडर फिरतो, तो एका घराशी येऊन कचरायचा, मग सुटायचा.

थांबलो, नळी टार्गेटच्या दिशेलाच ठेवून उघडलं, रिकामं केलं. शेजारच्या लेनवर नाना होते. देवळालीला तोफखान्यात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून नोकरी झालेली, आता वयाची सत्तरी ओलांडली आहे. त्यांनी आधी हत्याराला हात लावलाच नाही, प्रश्न विचारला :

“सगळ्या घरांना अडतंय का एकालाच?”

“एकालाच, नाना. दर फेरीला तेच.”

“मग पुढं काही बघू नका. स्टारखाली बघा.”

हे निदान लिहून ठेवण्यासारखं आहे. फेरीभर सगळीकडे सारखंच जड वाटत असेल तर बहुधा सिलिंडरचं पुढचं तोंड आणि नळी यांच्या फटीत काजळी-शिसं साचलेलं असतं, किंवा सिलिंडरच्या आसात घाण गेलेली असते. एकाच घरापाशी अडत असेल तर एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली (नानांचा ‘स्टार’, पुंगळ्या वर उचलणारी चांदणीच्या आकाराची चकती) काहीतरी आहे, नाहीतर त्या काडतुसाचा प्रायमर नीट आत बसलेला नाही. नवीन काडतुसं भरूनही त्याच घराला अडत असेल तर प्रायमरचा संशय संपतो.

चांदणी वर उचलून पाहिली तर बाजरीच्या दाण्याहून बारीक, चपटा, न जळलेला बारुदाचा कण. एवढ्यानं चांदणी त्या बाजूला किंचित उचललेली राहते, काडतुसाची बूड मागे येते आणि मागच्या भिंतीला घासते. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा खेळ. कोरड्या टूथब्रशनं दोनदा झटकलं आणि चाप पूर्वीसारखा.

टॉप-ब्रेकचा हा स्वभाव आहे. उघडताना चांदणी आपोआप वर येऊन पुंगळ्या फेकते, आणि त्या वेळी घरांची तोंडं आकाशाकडे असतात. पुंगळ्यांबरोबर उडालेले कण उघड्या चांदणीखाली पडतात आणि ती खाली बसताना त्यांना दाबून टाकते. नानांनी सांगितलेली सवय अशी : उघडताना हत्यार एका अंगाला कलतं धरायचं आणि उघडायचं ते एका झटक्यात, म्हणजे पुंगळ्यांसोबत कणही बाहेर जातात. हळूहळू उघडलं तर एखादी पुंगळी चांदणीवरून घसरून तिच्याखाली जाते आणि मग ती काढायला अर्धा तास.

आता टूथब्रश रेंजच्या पिशवीतच राहील. आणि चांदणीखाली तेल शून्य. तेल असलं की कण झटकले जात नाहीत.

६ जुलै

आषाढी. रेंज नाही. सकाळपासून पावसाची झड लागली आहे. कपाटातला आर्द्रतामापक ८० टक्क्यांच्या वर दाखवतोय. सिलिका जेलचे निळे मणी गुलाबी झालेत, म्हणजे पाणी पिऊन भरले. उद्या कारखान्यात वेल्डिंग रॉड वाळवायच्या ओव्हनमध्ये ठेवीन, १२० अंशांवर काही तासांत पुन्हा निळे होतात. घरच्या तव्यावर ते तापवू नयेत, निळ्या मण्यांत कोबाल्टचं मीठ असतं.

रिव्हॉल्व्हर त्याच्या फोमच्या डब्यातून काढून सुती कापडावर उघडं ठेवलं (अर्थात कुलपात). फोम ओल धरून बसतो आणि धातूला चिकटून असतो. चामड्याचं होल्स्टर त्याहून वाईट. कमावलेल्या चामड्यातले क्षार आणि ओल मिळून ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा काळा थर, खातात. होल्स्टर वाहून नेण्यासाठी आहे, मुक्कामासाठी नाही.

१३ जुलै

आजची नोंद शिशाची. गेल्या खेपेनंतर नळीत टॉर्च टाकून मागून पाहिलं होतं तेव्हा सुरुवातीच्या अर्ध्या इंचात खाचांच्या कडेला राखाडी रेघा दिसल्या होत्या. पांढरी चिंधी स्वच्छ बाहेर येत होती आणि तरी रेघा तिथेच. चिंधीवर विसंबून काम आटोपणाऱ्यांना त्या दिसत नाहीत.

हे शिसं तिथेच का? सिलिंडरमधून निघालेली गोळी ती बारीक फट ओलांडून नळीच्या निमुळत्या मागच्या तोंडात शिरते. तिथे तिला दाबून खाचांमध्ये बसवलं जातं, आणि त्याच क्षणी मागचा तप्त वायू तिच्या कडेनं पुढे निसटायचा प्रयत्न करतो. मऊ शिसं कडेला वितळतं, पुसलं जातं आणि पोलादावर माखतं. पुढची गोळी त्याच्यावरून घासत जाते. थर वाढला की आधी नेम विस्कटतो, पुढे दाब वाढतो. म्हणून रिव्हॉल्व्हरमध्ये नळीचा हा पहिला इंच सगळ्यात आधी पाहायचा, बाकीची नळी नंतर.

इलाज जुना आहे. वापरून मऊ पडलेल्या ब्रशवर शुद्ध तांब्याचे बारीक तंतू गुंडाळायचे आणि कोरडंच फिरवायचं. तांबं शिशापेक्षा कठीण आणि पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे शिसं खरवडलं जातं, नळीला ओरखडा येत नाही. पण तांबं खरं हवं. काल भांडी बाजारात गेलो. तांब्यापितळेसाठी आख्ख्या नाशिकनं जिथे जावं ती ही गल्ली. तिथे तांबड्या रंगाच्या घासण्या भरपूर मिळाल्या. खिशात चुंबक नेलं होतं. एकामागून एक सगळ्या त्याला चिकटल्या : आत लोखंडी तार, वरून तांब्याचा मुलामा. दुकानदारानं मनापासून आणखी दोन गठ्ठे उघडून दाखवले, तेही तसेच. अशी घासणी नळीत फिरवणं म्हणजे पोलादी ब्रश फिरवणं.

शेवटी रविवार कारंज्याजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून लवचिक वायर घेतली, वरचं प्लास्टिक सोललं आणि आतले केसासारखे तंतू वापरले. चुंबकाला लागत नाहीत. मोटर वाइंडिंगची तार मात्र घेऊ नये, तिच्यावर वार्निशचा थर असतो.

ब्रशवर तंतू गुंडाळून नळीच्या मागच्या तोंडात घट्ट बसेल एवढी जाडी केली आणि छोटे छोटे फेरे दिले. पांढऱ्या कागदावर चंदेरी पापुद्रे पडले. थोड्या वेळानं टॉर्च टाकली, रेघा गेलेल्या. नंतर सॉल्व्हंट, कोरडी चिंधी, संपलं.

सिलिंडरच्या पुढच्या तोंडावरची काळी वर्तुळं मी तशीच ठेवतो. ती काही बिघडवत नाहीत. काही जण ती चकचकीत करायला भांडी घासायची पूड किंवा पितळेचं पॉलिश वापरतात. ब्लूइंग तर जातंच, शिवाय दर खेपेला थोडं पोलादही जातं, आणि फट मोठी होते. फटीवर साचलेला टणक थर तेवढा नायलॉननं काढायचा, रंगाच्या मागे लागायचं नाही.

२७ जुलै

डाव्या बाजूला, जिथे लाकडी मूठ चौकटीला भिडते तिथे, तांबूस ठिपके. टाचणीच्या टोकाएवढे, पण रांगेत. बोटं तिथेच टेकतात.

कारण घामातलं मीठ. आणि आणखी एक, जे आज लक्षात आलं : गाडीत एसी चालू होता, रेंजवर डबा उघडला आणि थंड पोलादावर बाहेरच्या दमट हवेचं दव धरलं. हातानं फिरवलं तर ओल जाणवली. यापुढे डबा गाडीतून उतरवल्यावर काही वेळ बंदच ठेवायचा, पोलाद बाहेरच्या हवेइतकं कोमट होऊ द्यायचं, मग उघडायचं.

ब्लूइंग म्हणजे रंग नाही. तोही लोखंडाचा ऑक्साइडच, पण काळा, घट्ट बसणारा मॅग्नेटाइट. तो स्वतः गंज थांबवत नाही, त्याच्या बारीक छिद्रांत मुरलेलं तेल थांबवतं. कोरडं पडलेलं ब्लूइंग उघड्या लोखंडापेक्षा फारसं शहाणं नसतं. ठिपक्यांवर तेलाचा थेंब टाकून तासभर मुरू दिला आणि सुती कापडानं हलक्या दाबानं पुसलं. कापड तपकिरी झालं, ठिपके गेले, खाली ब्लूइंग शाबूत. सॅंडपेपरची गरज वेळेत पाहिलं तर पडत नाही.

मुठीचे स्क्रू काढून आतही पाहिलं. लाकडाखालची बाजू ही ओल दडायची जागा. यासाठी पातं खाचेत तंतोतंत बसणारा स्क्रूड्रायव्हर घासून घेतला आहे. बाजारचा निमुळत्या पात्याचा चालवला की स्क्रूची खाच फाटते. मुठीपलीकडे आत जायचं नाही. पुस्तिकेत मालकानं काढायचे म्हणून जेवढे भाग दिलेत तेवढेच मी काढतो. चापाची यंत्रणा परवानाधारक गनस्मिथचं काम, आणि शस्त्र कायद्यानंही दुरुस्ती त्याच्याकडेच करायची असते.

१७ ऑगस्ट

आज रेंजवर तेलावरून बरीच चर्चा झाली. एक गृहस्थ निफाडकडचे, द्राक्षबागायतदार. त्यांच्या वडिलांपासून हत्याराला खोबरेल लावायची पद्धत आहे. त्यांचं रिव्हॉल्व्हर पाहिलं, बाहेरून छान तुकतुकीत. पण खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि निफाडची थंडी तर महाराष्ट्राला माहीत आहे. डिसेंबरात बिजागरीतलं आणि आसातलं खोबरेल मेणासारखं होतं आणि चाप जड येतो. जवसाचं तेल त्याहून वाईट, ते सुकून वार्निश होतं. ते म्हणाले, “आमच्या दादांनी चाळीस वर्षं हेच लावलं.” नाना म्हणाले, “दादांनी दर आठवड्याला पुसलं असणार हो. तेलानं नाही, त्या पुसण्यानं टिकलं ते.” मला हे पटलं.

मी शिलाई मशीनचं पातळ खनिज तेल वापरतो. बॅलिस्टॉलही चांगलं, १९०४ पासूनचं जर्मन तेल आहे, लाकूड-चामड्यालाही चालतं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला उत्तम, पावसात भिजलेल्या हत्यारावर मी आधी तेच मारीन. पण त्याची मागे राहणारी साय पातळ असते, वंगण म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवत नाही.

किती आणि कुठे, हे तेलाच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाचं. सिलिंडरच्या आसावर एक थेंब. बिजागरीला एक. खिट्टीच्या घासणाऱ्या जागी सुईच्या टोकानं. बाहेरच्या पृष्ठभागावर तेलाचं कापड फिरवून मग कोरड्या कापडानं पुन्हा, म्हणजे बोटाला ओशट लागेल पण दिसणार नाही एवढंच. घरं पूर्ण कोरडी. भरायच्या घरांत तेल राहिलं तर दोन तोटे : पुंगळी उडताना घराच्या भिंतीला पकडून राहते, ती पकड सुटते आणि सगळा धक्का मागच्या भिंतीवर येतो, आणि पातळ तेल हळूहळू प्रायमरमध्ये झिरपून काडतूस निकामी करू शकतं. नळीतही गोळीबाराआधी कोरडी चिंधी.

नानांनी त्यांच्या उस्तादांच्या वेळची एक गोष्ट सांगितली. .३०३ रायफलीच्या जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. उडाल्यावर नळीत मीठ उरायचं, जे हवेतली ओल ओढून एका रात्रीत नळी खाई. तेलात मीठ विरघळत नाही, म्हणून आधी उकळतं पाणी ओतायचे, मग चिंधी, मग तेल. आजच्या काडतुसांना ते लागत नाही. पण कोणी जुनाट साठ्यातली काडतुसं उडवली तर हाच क्रम : आधी पाणी.

७ सप्टेंबर

काल विसर्जनाची मिरवणूक, आज रेंजवर कोणी नाही. फट पुन्हा मोजली. ०.१५ जाते, ०.२० जात नाही. बदल नाही.

खिट्टीपाशी मला किंचित हालचाल वाटत होती. गनस्मिथनं नळी धरून हलवून पाहिलं, बंद स्थितीत खेळ नाही म्हणाला. बिजागरी आणि खिट्टी हे टॉप-ब्रेकचे नाजूक सांधे. त्यामुळे मनगट झटकून टपकन बंद करायचं नाही, दोन्ही हातांनी मिटायचं.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. कारखान्यात लेथ, ड्रिल, ग्राइंडर, सगळ्यांना झेंडूचे हार. घरी देवापुढे पाट मांडून त्यावर विळी, सुरी, पकड, व्हर्नियर आणि रिव्हॉल्व्हरचा डबा.

पूजा मला मनापासून हवी असते. ज्या साधनावर आपलं पोट आणि जीव अवलंबून, त्याला वर्षातून एक दिवस हात जोडायचे, हे मला फार मोलाचं वाटतं. पण ओल्या हळदीकुंकवाचं बोट ब्लूइंगवर ठेवून ते दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत तसंच राहू दिलं की त्याखाली बोटाच्या आकाराचा गंज मिळतो. झेंडूच्या ओल्या देठांचंही तेच. नळीत अक्षता टाकलेल्याही मी पाहिल्या आहेत. आमच्याकडे आता हळदकुंकू आणि फूल डब्याच्या झाकणावर वाहतो. आईनं आधी विचारलं, “देवीला चालेल का रे?” मग तिनंच सांगितलं की तिचे वडील तलवारीला पूजेनंतर लगेच पुसून तूप लावून ठेवत. म्हणजे ज्यांच्या घरात शस्त्र होतं त्यांना हे ठाऊकच होतं.

पूजेआधी पूर्ण साफसफाई केली. रिकामं असल्याची खात्री, पूजेलाही पहिल्यापासून.

१६ नोव्हेंबर

सकाळी चांगलीच थंडी. रेंज. चाप हलका, कुठेही अडकलं नाही. नळीच्या पहिल्या इंचात थोडं शिसं, तांब्याच्या तंतूंनी पाच मिनिटांत गेलं. सिलिकाचे मणी अजून निळे. पावसाळ्यात पंधरवड्याला बदलावे लागत होते.

१६ डिसेंबर

महापालिका निवडणुकीची आचारसंहिता कालपासून लागू. मतदान १५ जानेवारीला. शस्त्र जमा करायचं आहे, म्हणजे महिनाभर तरी ते माझ्या कपाटात आणि माझ्या नजरेखाली नसेल. पावसाळ्यापेक्षा ही वेगळी परीक्षा : रोज पुसणारा हात नाही, हवा कशी असेल ते आपल्या हाती नाही, आणि बोटं वेगवेगळी लागणार.

त्यामुळे या वेळी रीत बदलली. नेहमीची सफाई करून घरं आणि नळी आतूनही तेलाच्या चिंधीनं ओशट केली, कारण या काळात काडतूस भरायचंच नाही. बाहेरून तेलाची साय नेहमीपेक्षा जाड. मुठीच्या लाकडाखाली एक हात फिरवला. मग कारखान्यातला व्हीसीआय कागद. वाहनांचे सुटे भाग परदेशी पाठवताना आम्ही हाच वापरतो. त्यातून सुटणारी वाफ धातूवर पातळ थर धरते आणि गंज रोखते. रिव्हॉल्व्हर त्यात सैल गुंडाळून झिपच्या पिशवीत ठेवलं. फोम नाही, होल्स्टर नाही.

जमा करताना नंबर पडताळला जातो, तेव्हा पिशवी उघडली जाणारच. ती सहज उघडावी आणि पुन्हा तशीच बंद व्हावी म्हणून टेप लावला नाही. वर चिठ्ठी : “पाहून झाल्यावर कृपया याच कागदात पुन्हा ठेवावे.” पावतीवर हत्याराचा नंबर, बोअर आणि परवाना क्रमांक जागेवरच वाचून जुळवून घेतला. काडतुसांची नोंद वेगळी केली.

२५ जानेवारी २०२६

शुक्रवारी परत मिळालं. कागदात गुंडाळलेलंच होतं, चिठ्ठीही सोबत. ज्यानं कोणी ते पुन्हा नीट ठेवलं त्याचे आभार मानायचे राहिले, पुढच्या खेपेला मानीन.

रिकामं आहे याची खात्री केली आणि खिडकीत बसलो. नळीत टॉर्च : स्वच्छ. घरं : स्वच्छ. चांदणीखाली काही नाही. नळीच्या उजव्या बाजूला अंगठ्याचा एक ठसा, रेघांसकट, नुकताच तपकिरी होऊ लागलेला. तेल मुरू दिलं, पुसलं, गेला. फट ०.१५.

साठवणीचं तेल आता सगळं काढायचं आहे. घरांतून आणि नळीतून सॉल्व्हंटची एक चिंधी, मग कोरड्या, शेवटची पांढरी येईपर्यंत. ते आज झालं. कांस्याचा ब्रश झिजलाय, नवा आणायचा आहे. जुना फेकणार नाही, तांब्याचे तंतू त्याच्यावरच गुंडाळतो. व्हीसीआय कागद बदलून ठेवला, एकदा उघडलेल्याचा जोर कमी होतो. पुढच्या रविवारी रेंज.